स्क्रीनवरची पिवळी झाक

ठिपका डाव्या कडेपासून एकशे बेचाळीस मिलिमीटरवर आणि वरच्या कडेपासून एकोणनव्वद मिलिमीटरवर होता. रंग हिरवा, आकार चौकोनी, बाजू पाव मिलिमीटरहून किंचित कमी. स्क्रीन पांढरी असली की तो दिसेनासा होई आणि काळी झाली की पुन्हा आपल्या जागी हजर असे. शरदिनीने पट्टीने तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळचे आकडे वहीत लिहिले आणि मग नवऱ्याला हाक मारली.

बिंदुमाधवांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. त्यांना काही दिसेना. मग ते पंचांग वाचायचं भिंग घेऊन आले आणि ठिपका सापडल्यावर म्हणाले, "हा? अगं, याच्या शंभरपट मोठे दोष घेऊन मी छत्तीस वर्षं तुझ्या घरात वावरतोय."

"तुमची वॉरंटी केव्हाच संपली," शरदिनी म्हणाली. "हिची अजून दोन वर्षं आहे."

एरवी यावर त्यांनी आणखी दोन वाक्यं ऐकवली असती. काशीत जन्मलेल्या माणसाला शेवटचा शब्द दुसऱ्याकडे राहू देववत नाही. पण त्या सकाळी ते नुसते हसले. तक्रार करणार आहेस का, असं त्यांनी विचारलं आणि ती हो म्हणाली तेव्हा भिंग पुसत आतल्या खोलीत निघून गेले. शरदिनीने ते पाहिलं. ती सगळंच पाहत असे. फक्त ही नोंद कुठल्या रकान्यात करायची ते तिला कळलं नाही.

संकठा घाटाच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. बिंदुमाधव महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची तीर्थश्राद्धं करत. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून आठवड्यातून तीनच दिवस अमृतराव घाटावर उतरत. शरदिनीने विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. तिचा विषय परागकण. गंगेच्या दोन्ही तीरांवरच्या झाडाझुडपांचे परागकण कसे दिसतात, केवढे असतात, ताजे असताना कुठल्या रंगाचे असतात, याची एक सचित्र सूची ती निवृत्तीनंतर तयार करत होती. दोनशे बारा झाडांपैकी एकशे ऐंशी झाली होती. पुण्याला असलेल्या मुलीने, ईशानीने, गेल्या दिवाळीत सत्तावीस इंची स्क्रीन पाठवली ती त्यासाठीच. छोट्या लॅपटॉपवर वाकून वाकून आईची मान जाते, असं तिचं म्हणणं होतं. स्क्रीन बसली त्या दिवशी बिंदुमाधवांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली आणि बजावून सांगितलं, की हा टीव्ही नाही, क्रिकेट लागणार नाही, यावर आमच्या घरी फुलांची धूळ बघतात.

ठिपका हे तक्रारीचं निमित्त होतं. खरं दुखणं वेगळं होतं. नवरात्र संपल्यापासून शरदिनीला वाटत होतं, की स्क्रीनचा पांढरा आता पांढरा राहिलेला नाही. जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी झाक तिच्यावर चढली आहे. चित्राखाली जी मापाची रेघ असते तिला खालून एक फिकट जुळी रेघ चिकटली आहे. परागकणांवरचे काटे, जे मोजण्यात तिने आयुष्य घालवलं, ते धुक्यातल्या होड्यांसारखे दिसत होते. आहेत हे कळतं, किती आहेत ते कळत नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी शरदिनीने घरात कोणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर तपासायला गेली असताना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला आहे. आजच्या आज काही करायला नको, पण फार थांबूही नका. शरदिनीने तो कागद परागकणांच्या फायलींत, जिथे दुसरं कोणी हात घालणार नाही अशा जागी ठेवला आणि घरी येऊन नंबर तसाच आहे म्हणून सांगितलं.

तिला शस्त्रक्रियेची भीती नव्हती. भीती होती ती नंतरची. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं तेव्हा ते आधी निळा प्रकाश अडवतं आणि जग पिवळं होत जातं, इतकं सावकाश की डोळ्याच्या मालकाला पत्ता लागत नाही. हे तिने स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं. मग नवं, स्वच्छ भिंग बसवून घरी आल्यावर सूची उघडली आणि जिथे 'फिकट पिवळा' लिहिलंय तिथे पांढरा निघाला तर? अशा किती नोंदी निघतील? शेवटच्या वीस, की साठ? सूक्ष्मदर्शकाला एकतीस वर्षं लावला होता तो उजवाच डोळा. सगळी सूची त्याच्या शब्दावर उभी होती. तेव्हा शरदिनीने ठरवलं, की आधी सूची पुरी करू, मग बघू. मात्र दोन वर्षं झाली तरी सूचीत काही ना काही शिल्लकच राहत होतं.

तिच्या हाताखाली शिकलेला कोणीही सांगेल, की बाई कुठल्याही निष्कर्षावर पहिला प्रश्न एकच विचारायच्या: तुलनेला काय ठेवलं होतं? त्याचं उत्तर नसेल तर वही परत. आणि इथे तीन आठवडे त्या बाई स्क्रीनसमोर बसत होत्या, पट्टीने मोजत होत्या, वहीत लिहीत होत्या. पण एक डोळा झाकून बघायचं आणि मग दुसरा झाकून बघायचं, ही दोन सेकंदांची तपासणी काही त्यांच्या हातून होत नव्हती. त्यासाठी तिने एक युक्तिवादही तयार ठेवला होता. ज्या डोळ्यांना पाव मिलिमीटरचा ठिपका दिसतो त्यांच्यात खोट कसली? ठिपका दोघांपैकी कुठल्या डोळ्याला दिसतो, हे मात्र ती स्वतःला विचारत नव्हती.

कंपनीच्या फोनवर आधी बराच वेळ सनई वाजली, मग एक मुलगा बोलायला आला. त्याने स्क्रीनच्या पाठीवरचा क्रमांक मागितला. क्रमांक अठरा अक्षरी होता. बिंदुमाधव मागे जाऊन गुडघ्यावर बसले आणि संकल्प सांगावा तशा संथ, स्पष्ट आवाजात त्यांनी तो वाचून दाखवला. मुलगा त्यांना सर म्हणाला. ठिपक्याबद्दल ऐकून घेतल्यावर तो नम्रपणे म्हणाला, की पाचाहून कमी ठिपके असतील तर नियमाप्रमाणे तो दोष धरला जात नाही. तेव्हा शरदिनीने पिवळ्या झाकेचं सांगितलं. मुलाने फोटो पाठवायला सांगितले.

तिने अकरा फोटो काढून पाठवले. एकाही फोटोत स्क्रीन पिवळी दिसत नाही, असं कंपनीने कळवलं. तिला मात्र तिथेही ती थोडी पिवळीच दिसत होती. फोन जुना आहे, त्याचा कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने सुधारतो, असं म्हणून तिने तो पुरावा बाद केला. मग तिने आलेखाचा कागद घेतला, त्यावर स्क्रीनचं मापात चित्र काढलं, झाक कुठे गडद आणि कुठे फिकी ते तिरक्या रेघांनी दाखवलं, कोपऱ्यात तारीख आणि सही केली आणि त्याची प्रत कंपनीला धाडली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की आमच्याकडे आजवर असं चित्र आलेलं नाही. व्हिडिओ मिळेल का?

"त्याला म्हणावं, हिची सही विद्यापीठात चालायची," बिंदुमाधव म्हणाले. पण व्हिडिओ घेताना फोन त्यांनीच धरला. स्क्रीनच्या खालच्या कडेकडे फोन वळवायला सांगितलं तर त्यांनी दोनदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या तीन आठवड्यांत त्यांचं काहीतरी बिनसलं होतं, एवढं शरदिनीला दिसत होतं. सकाळी ती उठायच्या आत ते स्क्रीन मऊ पंच्याने पुसून ठेवत. वॉरंटीचं पुस्तक, ज्यात मुंगीएवढ्या अक्षरांत सोळा पानं होती, ते त्यांनी भिंगातून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग खूण म्हणून त्यात तुळशीचं पान ठेवलं. संकठादेवीला ते एरवी सणावारी जायचे, ते आता दर शुक्रवारी जाऊ लागले. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे त्यांनी पान सोडलं. जेवणानंतर गल्लीच्या तोंडाशी जाऊन पान खाणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. एकदा मूळव्याधीत वैद्यांनी बंद करायला सांगितलं तेव्हा त्यांनी वैद्य बदलले होते. शरदिनीने विचारलं, तर म्हणाले, दात शिवशिवतात. तिने तेवढ्यावर विश्वास ठेवला, कारण तिच्याकडेही एक झाकलेला कागद होता आणि ज्याच्याकडे असा कागद असतो तो दुसऱ्याला फार खोदून विचारत नाही.

कार्तिक लागला. संध्याकाळी घाटांवर वेळूच्या उंच काठ्यांना करंड्या बांधून आकाशदिवे चढवले जातात, ते त्यांच्या गच्चीवरून दिसत. दर वर्षी दोघं एक दिवस चहा घेऊन वर जात आणि दिवे मोजत. बिंदुमाधव मोजणीत नेहमी चुकत आणि शरदिनी नेहमी बरोबर सांगे. तो त्यांच्या संसारातला जुना खेळ होता. त्या संध्याकाळी त्यांनी बेचाळीस मोजले.

शरदिनीला प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसत होतं आणि कड्याच्या आत एकाचे दोन दिवे झाले होते. ती म्हणाली, की हवेत दव आहे. दवाच्या थेंबांतून प्रकाश येताना वाकतो, त्यामुळे दिव्यांभोवती अशी कडी दिसतात. थेंब जेवढा लहान तेवढं कडं मोठं. तिने ते नीट समजावून सांगितलं. त्यात एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

बिंदुमाधवांनी ऐकून घेतलं. कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "असेल. मला तर बाई साधे दिवेच दिसताहेत."

त्या वर्षी तिने आकडा सांगितला नाही आणि त्यांनीही विचारला नाही.

तीन दिवसांनी कंपनीकडून माणूस येणार असल्याचा निरोप आला. आली ती अंतरा नावाची मुलगी, तिशीच्या आतली, पाठीवर अवजारांची पिशवी आणि दोन्ही हातांत कवटाळलेलं एक मोठं खोकं. वाटेत गल्लीत सांड बसला होता, त्याला उठवण्यात पंधरा मिनिटं गेली, असं तिने सांगितलं आणि त्यात कोणालाच काही विशेष वाटलं नाही. खोक्यात बदलीची स्क्रीन होती. दोष खरा ठरला तर तिथल्या तिथे जुनी घेऊन नवी देऊन जायचं, असा तिच्या कामाचा रिवाज होता. बिंदुमाधवांनी तिला पाणी दिलं, पेढा दिला, घर कुठलं ते विचारलं, आणि ती जौनपूरची निघाली तेव्हा जौनपूरच्या मुळ्यांची तारीफ केली. एवढं बोलताना त्यांची नजर मात्र त्या खोक्यावरून हलत नव्हती.

अंतराने स्क्रीन सुरू केली आणि एकामागून एक रंग लावले. काळा, पांढरा, तांबडा, हिरवा, निळा. हिरवा ठिपका तिला लगेच दिसला. शरदिनीने सांगितलेली मापं तिने पट्टी लावून पाहिली आणि ती तंतोतंत जुळली तेव्हा तिने मान वर करून शरदिनीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. पांढऱ्या रंगावर ती बराच वेळ थांबली. मान तिरकी केली, मागे सरकली, खिडकीचा पडदा ओढला. मला पिवळं दिसत नाही आंटीजी, असं ती हिंदीत म्हणाली, पण माझी नजर रोज पन्नास स्क्रीन बघून मेलेली आहे, तुम्ही म्हणता तर खोलून बघते.

तिने स्क्रीन गादीवर पालथी घातली आणि खालच्या कडेची पट्टी उचकटायला घेतली. बिंदुमाधव दारात उभे होते ते आत आले आणि पलंगाच्या काठावर बसले. पट्टी निघाली. अंतराने विजेरी मारली, चिमटा आत घातला आणि काहीतरी बाहेर काढून तळहातावर ठेवलं.

"पंडितजी," ती म्हणाली, "ये चावल है क्या?"

तांदळाचाच दाणा होता, अख्खा, कुंकवाने लाल झालेला. पट्टीच्या आतल्या बाजूला पाणी सुकल्याचा एक ओघळ होता, त्याला हळदीची कड.

शरदिनीला एका क्षणात सगळं कळलं. खंडेनवमीला घरातल्या माणसांच्या कामाच्या वस्तूंची पूजा होते. दर वर्षी बिंदुमाधव तिचा सूक्ष्मदर्शक पाटावर मांडून त्याला झेंडूचं फूल वाहायचे. या वर्षी पाटावर स्क्रीनही होती, तिची ती पहिलीच खंडेनवमी. शरदिनीने बजावलं होतं, की फूल वाहा, नमस्कार करा, बाकी ओलं काही नको. आणि मग ती पुऱ्या तळायला आत गेली होती.

"फूलच वाहणार होतो," बिंदुमाधव म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते, पण पाहत होते तांदळाच्या दाण्याकडे. "पण प्रोक्षण नाही, अक्षता नाही, ती पूजा कसली. तुझं एवढं मोठं काम चाललंय तिच्यावर. म्हटलं, थेंबभर गंगाजल. पळी कलंडली. पुसलं मी लगेच. वरून सगळं पुसलं. आत गेलेलं नाही दिसलं मला."

मग ते म्हणाले, "दुसऱ्याच आठवड्यात तू म्हणालीस, पिवळं दिसतंय. हळदच ती, दुसरं काय. पुस्तकात लिहिलंय, पान अकरावर, पाणी गेलं तर वॉरंटी नाही. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही माझा. देवीला सांगितलंय, हिची स्क्रीन नीट होईपर्यंत पान खाणार नाही."

ते सगळं मराठीत चाललं होतं, तरी अंतराला समजायला अडचण आली नाही. तिने फॉर्म काढला. त्यात एक चौकोन होता, ग्राहकाच्या हातून आत पाणी गेलेलं आढळलं तर खूण करायचा. पेन त्याच्यावर धरून ती म्हणाली, की मला यात काही बिघडलेलं दिसत नाही, ओघळ पट्टीवर आहे, काचेच्या थरांत गेलेला नाही. पण दाणा मी डोळ्यांनी पाहिला, ओघळ पाहिला, तेव्हा हे लिहावं लागेल, आणि लिहिलं की बदली देता येणार नाही. मग तिला स्वतःलाच त्याचं वाईट वाटलं असावं. खोकं इतक्या लांब आणलंच आहे, तर दोन्ही शेजारी लावू, असं ती म्हणाली. आंटीजींना किती फरक दिसतो ते तरी नीट लिहिते. वरचे साहेब वाचतील, कदाचित काही मार्ग काढतील.

तिने पट्टी बसवली, खोक्यातली स्क्रीन काढली, टेबलावर दोन्ही शेजारी मांडल्या आणि एकाच लॅपटॉपला जोडल्या. शरदिनीला तिने एखादं रोजचं चित्र लावायला सांगितलं. शरदिनीने एकशे सत्तेचाळिसावं लावलं. बेशरमाचं झुडूप, गंगेला मिळणाऱ्या वरुणा नदीच्या काठचं. दोन्ही स्क्रीनवर तोच काटेरी गोळा उमटला. खाली तिच्याच अक्षरांत नोंद होती: ताजा रंग फिकट पिवळा.

दोन्हीकडे तीच झाक होती, मापाच्या रेघेखाली तीच जुळी रेघ. कालपर्यंत फॅक्टरीच्या बंद खोक्यात असलेली स्क्रीन, जिने झेंडू पाहिला नव्हता की गंगाजल, ती जुनीइतकीच पिवळी होती.

तुलनेला काय ठेवलं होतं, हा प्रश्न टेबलावर येऊन बसला होता. तिने ठेवलं नव्हतं, एका परक्या मुलीने सांडाच्या बाजूने वाट काढून आणून ठेवलं होतं.

बिंदुमाधव उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी एकदा या स्क्रीनकडे, एकदा त्या स्क्रीनकडे पाहिलं.

"दिसतोय ना फरक?" त्यांनी विचारलं. "नवी स्वच्छ आहे ना? मला मेल्याला दोन्ही सारख्याच दिसतात." मग अंतराकडे वळून ते हिंदीत सांगू लागले, की आमच्या डोळ्यांचं काही खरं नाही, पण हिची नजर फार बारीक, पूर्ण विद्यापीठात अशी नजर नव्हती, ती काय सांगेल तेच लिही. आणि पाणी माझ्या हातून गेलं, तेही लिही. हिचा त्यात काही दोष नाही.

अंतरा पेन धरून थांबली होती.

शरदिनीला तेव्हा कळलं, की नुसतं 'हो' म्हटलं तरी चालण्यासारखं आहे. फरक दिसतो म्हटलं की अंतरा तसं लिहील. स्क्रीन पिवळी ठरेल, हळदीने पिवळी झालेली. फायलीतला कागद फायलीत राहील, सूची आहे तशी राहील, आणखी वर्षभर तरी कोणी काही विचारणार नाही. आणि हा माणूस उरलेलं आयुष्य पान न खाता काढेल. रोज पहाटे पंचा घेऊन तो ती स्क्रीन पुसत राहील आणि प्रत्येक वेळी त्याला वाटेल, की मी हिचं काम बुडवलं.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचार बदलून तो परत घातला, कारण तपासणी करायची तर नीट करायला हवी होती. उजव्या हाताचा तळवा तिने उजव्या डोळ्यावर धरला.

पांढरा रंग पांढरा झाला. दोन्ही स्क्रीनवर, एकदम, कोणी खिडकी उघडावी तसा. मापाची रेघ एकच होती. काटेरी गोळा मधोमध होता, काटे सुटे सुटे, मोजता येतील असे, आणि तो पिवळा नव्हता. दुधासारखा पांढरा होता.

तिने तळवा काढला. झाक परत आली. पुन्हा झाकला, पुन्हा गेली. तीन वेळा केलं, कारण ती काहीही तीन वेळा करून बघत असे. एकशे सत्तेचाळीस चुकीची होती. तिच्या आधीच्याही काही असणार. कुठून सुरुवात झाली ते एकेक करून शोधावं लागेल. पावसाळ्यापर्यंत, कदाचित पुढच्या दिवाळीपर्यंत. ज्याची दोन वर्षं धास्ती घेतली होती ते हे एवढंच होतं, पुन्हा एकदा सगळं बघणं. आणि बघणं तर तिला आवडत असे.

तिचा तळवा डोळ्यावर जाताना आणि खाली येताना बिंदुमाधव पाहत होते. त्यांना गच्चीवरची संध्याकाळ आठवली असावी, कारण त्यांनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

शरदिनीने अंतराला आधी सांगितलं, की दोन्हीत काही फरक नाही, तसंच लिही. बदली स्क्रीन परत ने. ठिपका एकच आहे, नियमात बसतो, त्याची माझी तक्रार नाही. पाण्याचं लिहायचं असेल तर तेही लिही, ते खरंच आहे, पण त्याने काही बिघडलेलं नाही, हे त्याच्या पुढे लिही. अंतराने तसं लिहिलं. शरदिनीने फॉर्म वाचला, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली आणि सही केली.

मग ती खुर्चीत वळली. बिंदुमाधवांच्या तळहातावर तो लाल दाणा होता. अंतराकडून त्यांनी तो केव्हा मागून घेतला, ते तिला दिसलं नव्हतं.

"तुमच्या हळदीने काही झालेलं नाही," ती म्हणाली. "स्क्रीन पहिल्यापासून चांगली आहे. पिवळं माझ्या डोळ्यात आहे. उजव्या. मोतीबिंदू आहे, डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी तुम्हाला नंबर तसाच आहे म्हटलं."

त्यांनी दाण्यावर मूठ मिटली. रागावले असते तर तिला चाललं असतं. पण ते फक्त तिच्या उजव्या डोळ्याकडे पाहत राहिले, इतक्या जवळून आणि इतक्या नीट, जसं भिंगातून त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं होतं.

"आणि सूची?" त्यांनी विचारलं.

"सूची थांबेल," शरदिनी म्हणाली. "तुम्ही आधी खाली जाऊन पान खाऊन या. मग आपण डॉक्टरीणबाईंना फोन करू. मी ऑपरेशन करून घेते."